हापूस ऑनलाइन विकायचा तर आधी दिवस मोजायला शिका

मोबाइलवरून आंबा विकण्याची वाट एकाच वर्षात मोकळी झाली. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, त्याच वर्षी यूपीआय आलं आणि सप्टेंबरात जिओने डेटा स्वस्त केला. वाशीच्या अडत्याकडे पेट्या पाठवून पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची, वाट बघत बसण्याला पर्याय उभा राहिला. तेव्हापासून दर हंगामात नवी मुलं या धंद्यात उतरतात, आणि बहुतेकांचा हिशेब सारखाच असतो: अडत, हमाली, तोलाई वाचली की तो सगळा पैसा आपला. पहिली चूक इथेच. अडत्या त्या पैशात काही कामंही करत होता. माल त्याच्या गाळ्यावर निवडला जायचा, उधारी तो सांभाळायचा, गिऱ्हाईकाची कटकट त्याच्या कानावर पडायची. तो मधून गेला की ही तिन्ही कामं तुमच्या अंगावर येतात.

गिऱ्हाईकाची सवयही पालटली आहे. पूर्वी घरात पाच डझनांची पेटी यायची, पलंगाखाली पेंढ्यात अढी लागायची आणि कुणीतरी रोज चाचपून तयार फळं काढायचं. आता फ्लॅटमध्ये ना पेंढा ना जागा. एकच डझन हवा, तोही शनिवारी खायला तयार, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा एक. म्हणजे अढी लावण्याचं कामसुद्धा तुमच्याकडे आलं. त्यामुळे आठ-दहा आठवड्यांची आगाऊ वर्गणी घेऊन दर आठवड्याला डझन पोचवणं, ही आंब्याची भिशी, आज सर्वांत भरवशाची पद्धत आहे. परदेशात राहणारी मुलं पुण्यातल्या आईवडिलांसाठी अशी वर्गणी भरतात, आणि ती सहसा सुटत नाहीत.

पण 'शनिवारी तयार' हे वचन पाळायचं तर उलटं मोजावं लागतं. चौदा आणे (पूर्ण पक्व म्हणजे सोळा आणे) तयारीचं फळ उतरवल्यापासून पिकायला साधारण आठ-दहा दिवस घेतं. उन्हं तापली की कमी. शनिवारी खायचं तर गुरुवारी दारात हवं, म्हणजे बुधवारी संध्याकाळच्या गाडीत, म्हणजे त्याआधीच्या शुक्रवारी अढीत. पाच दिवसांनी रंग फिरू लागलेलं पण हाताला कडक लागणारं फळ पेटीत भरायचं. पूर्ण पिकलेलं फळ गाडीत दबतं आणि एकाचा रस बाकी अकरांना लागतो. ज्यांना अढीची हौस आहे त्यांना हिरवाच माल द्या, मात्र ऑर्डर घेतानाच 'हिरवा की कडक पिवळा' हे लिहून घ्या. निम्म्या तक्रारी या एका प्रश्नाने मिटतात. लवकर पिकवायची घाई झाली तरी कार्बाइडला हात लावू नका, त्यावर बंदी आहे. इथिलीन वायू दशलक्षात 100 भागांपर्यंत चालतो, पण त्यासाठी बंद खोली आणि माहीतगार माणूस लागतो.

उतरवणी सकाळी, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), फळाला दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवून. देठ मुळापासून तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि पिकल्यावर तिथे काळा डाग दिसतो. बाजारात असा डाग खपून जायचा, फोटोत खपत नाही. फळ तयार आहे का याची शंका आली तर चार-पाच फळं बादलीभर पाण्यात सोडा: तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. उतरवलेला माल तापलेल्या कातळावर क्षणभरही ठेवू नका, थेट सावलीत न्या.

साक्याचं मात्र वेगळं आहे. बाहेरून देखणं, वासाला उत्तम, आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा गर. बाहेरून तो ओळखण्याचा साधा उपाय बागायतदाराच्या हातात नाही. झाडावर जास्त पक्व झालेल्या आणि मोठ्या फळांत तो अधिक दिसतो, म्हणून चौदा आण्यांवर उतरवणं हाच त्यातल्या त्यात बचाव. राहिलेला धोका हिशेबातच धरायचा: डझनामागे एक फळ गेलं असं आधीच समजा. गिऱ्हाईकाने कापलेल्या फळाचा फोटो पाठवला की वाद न घालता त्या फळाचे पैसे परत करा. कापण्याआधीच्या फोटोवर मात्र काहीही कबूल करू नका. सुरकुतलेली साल बघून 'सडलाय' म्हणणारे भेटतात, आणि ते फळ बऱ्याचदा सर्वांत गोड असतं.

पेटी भोकांची हवी, पुठ्ठा जाड हवा, आत पेंढा किंवा कागदाच्या पट्ट्या. प्लास्टिकने गुंडाळलेली पेटी आतून घामेजते आणि देठाकडून कुजायला लागते. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचं भाडं लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागायचं. 50×40×20 ची दोन डझनांची पेटी 8 किलोची धरली जाते, मग आत माल सातच किलो का असेना. शुक्रवारी माल कुरिअरला देऊ नका. रविवारची सुट्टी आली की पेटी गोदामात दोन दिवस शिजते. मुंबई-पुण्याला रात्रीच्या गाडीने एकत्र माल पाठवून तिथे आपला माणूस घरपोच वाटायला ठेवणं स्वस्त पडतं, आणि फळ सुखरूप पोचतं. आदल्या रात्री प्रत्येकाला फोन करून घरी कोण आहे ते विचारा. वॉचमनच्या केबिनमध्ये दुपारभर उन्हात पडलेल्या पेटीचं खापर शेवटी तुमच्यावरच फुटतं. गिऱ्हाईकाने न घेतलेला माल परत येण्याला कुरिअरच्या भाषेत 'आरटीओ' (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात, आणि कपड्यांचा आरटीओ पुन्हा विकता येतो तसा आंब्याचा येत नाही. म्हणून कॅश ऑन डिलिव्हरी अजिबात नको.

आकडे समजण्यापुरते घेऊ. डझन 1000 रुपयांना विकला. फळाची बागेतली किंमत 500, पेटी-पेंढा-स्टिकर 70, गाडीभाडं 100, घरपोच वाटप 80, खराब फळाचे 80. उरले 170. त्यातून जाहिरात, फोन आणि तुमची मेहनत. जाहिरातीवर पैसे टाकून एकदाच घेणारं गिऱ्हाईक आणलं तर हे 170 तिथेच संपतात. तेच गिऱ्हाईक हंगामात सहा वेळा आलं तर धंदा होतो. यूपीआयवर बँक खात्यातून आलेल्या पैशांवर दुकानदाराला शुल्क नाही, वेबसाइटवर पेमेंट गेटवे लावलात तर कार्डामागे साधारण 2 टक्के आणि वर जीएसटी जातो. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका, खात्यात जमा दिसल्यावरच पेटी बांधा. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

पहिल्या दोन हंगामांत वेबसाइटची गरज नसते. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग आणि लेबलं पुरतात: 'पैसे आले', 'गुरुवार वाटप', 'तक्रार'. ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 जण बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणून पेटीच्या झाकणावर नंबर आणि 'सेव्ह करा' हे मोठ्या अक्षरांत छापा. त्याखाली दोन ओळी: पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका (13 अंशांखाली कच्च्या फळाला थंडी बाधते, मग ते नीट पिकत नाही), आणि खाण्याचा अंदाजे दिवस.

कागदपत्रं फार नाहीत. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही. आमरसाचे डबे विकायला लागलात की आहे. स्वतःच्या बागेतला आंबा विकणारा शेतकरी अन्नसुरक्षा कायद्यात येत नाही, दुसऱ्याचा माल घेऊन विकणाऱ्याने मात्र 14 अंकी एफएसएसएआय नंबर काढायचा. ऑक्टोबर 2018 पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरतं. कर्नाटकातला आंबा 'देवगड' म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे, आणि आजचं गिऱ्हाईक पेटीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून बघतं.

अमेरिकेतल्या भाच्याला पेटी पाठवता का, असं विचारणारे हंगामात भेटतातच. ते घरगुती कुरिअरचं काम नाही. 2007 पासून तिथे भारतीय आंबा जातो तो वाशी किंवा लासलगावसारख्या केंद्रात विकिरण (किरणांचा मारा) होऊन, तपासणीच्या शिक्क्यासह. नाही म्हणून मोकळे व्हा.

बुकिंग घेताना झाडावर दिसतं त्याच्या साठ टक्केच धरा. एका वादळी पावसात फळं गळतात आणि करपा पडतो. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यासाठी वेगळी यादी ठेवा, कारण तेव्हा सगळ्यांना एकाच दिवशी हवं असतं. मे अखेरीस पावसाची पहिली सर आली की माल पाठवणं थांबवा आणि भिशीचे उरलेले पैसे त्याच दिवशी, गिऱ्हाईकाने मागायच्या आत, परत टाका.