सहा कॅमेरे, सहा वेगळी घड्याळं: रेसचे फोटो असे जुळवले

आमची सहा जणांची टीम फुल मॅरेथॉनच्या ४२.१९५ किमीच्या रूटवर वेगवेगळ्या पॉइंटला उभी राहते. एका रेसनंतर सगळे फोटो एकत्र करून वेळेनुसार लावले तर एकच रनर आधी फिनिश लाइनवर आणि नंतर ४१ किमीला दिसायला लागला, म्हटलं हे काय, तर एका कॅमेऱ्याचं घड्याळ चक्क ७ मिनिटं पुढे होतं.

बिब नंबर (रनरच्या छातीवरचा नंबर) दिसत असेल तर ठीक, पण तो जॅकेटखाली गेला किंवा पुढच्याच्या हाताआड लपला की फोटोची वेळ आणि चिप टायमिंग (रनरजवळच्या चिपने नोंदलेली वेळ) एवढाच आधार उरतो, म्हणून हे मला फार लागलं.

उपाय सोपा निघाला. आता पहाटे सगळे जमलो की एकाच मोबाइलवर सेकंदांसकट घड्याळ लावतो आणि प्रत्येकाने आपापल्या कॅमेऱ्याने त्याचा एक फोटो काढायचा, दोन कॅमेरे असतील तर दोन्हींनी. घरी आल्यावर लाइटरूम या फोटो सॉफ्टवेअरमध्ये त्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो सिलेक्ट करून, त्यातला घड्याळाचा फोटो मुख्य ठेवून त्याचा कॅप्चर टाइम (फोटो काढल्याची वेळ) फोटोतल्या घड्याळाप्रमाणे बदलायचा, बाकीचे तेवढ्याच फरकाने आपोआप सरकतात. हे दर रेसला करा, कारण कॅमेऱ्याची घड्याळं हळूहळू सरकतातच.

परवा एका आजींचा बिब पूर्ण दुमडलेला होता, फक्त वेळेवरून त्यांचे चार फोटो सापडले. खूप बरं वाटलं.