कॉन्सर्ट पियानिस्ट व्हायचं असेल तर रचनांचा साठा कसा करावा, तो कसा टिकवावा

जानेवारी १९६३ मध्ये पियानिस्ट ग्लेन गूल्ड आजारी पडले आणि त्यांच्या जागी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राबरोबर लिस्टचा पहिला कन्चर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) सोळा वर्षांच्या आंद्रे वॉट्स यांनी वाजवला. १९९९ मध्ये शिकागो सिम्फनीच्या कार्यक्रमाआधी वॉट्स स्वतः आजारी पडले. त्या वेळी सतरा वर्षांचे लांग लांग चायकोव्हस्कीच्या पहिल्या कन्चर्टोला बसले. याला नशीब म्हणतात, आणि ते होतंच. पण दोघांच्याही हातात ती रचना तयार होती. ‘महिनाभर द्या, बसवतो’ म्हणणाऱ्याला अशी संधी मिळत नाही.

म्हणून पहिलं काम तयार रचनांच्या साठ्याचं. एकल कार्यक्रमाला साधारण ७० ते ८० मिनिटांचं संगीत लागतं. असे दोन पूर्ण कार्यक्रम आणि चार-पाच कन्चर्टो आठवडाभरात मंचावर नेता येतील अशा अवस्थेत हवेत. सुरुवात संगीत महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेच्या यादीपासून करा: बाखचा एक प्रिल्यूड (छोटी सुरुवातीची रचना) आणि फ्यूग (एकमेकींत गुंफलेल्या स्वतंत्र सुरावटींची रचना), हायडन, मोझार्ट किंवा बेथोवेनचा पूर्ण सोनाटा (अनेक भागांची एकल रचना), शोपँ किंवा लिस्टचे एट्यूड (तंत्राच्या सरावावर बेतलेल्या छोट्या रचना), एक मोठी रोमँटिक रचना आणि विसाव्या शतकातलं काही. नियमपत्रक शब्दन् शब्द वाचा, कारण बऱ्याच ठिकाणी ठरावीकच एट्यूड चालतात.

स्पर्धांना वयाची अट असते. वॉर्सामधली शोपँ स्पर्धा १९२७ पासूनची, सहसा पाच वर्षांनी येते. अमेरिकेतल्या फोर्ट वर्थची व्हॅन क्लायबर्न स्पर्धा चार वर्षांनी. दोन्हींसाठी वयाची मर्यादा तिशीच्या आसपास असते, म्हणजे संधी मोजक्याच. नवोदित पहिल्या फेरीची वीस-पंचवीस मिनिटं घासूनपुसून चकचकीत करतात आणि अंतिम फेरीचा कन्चर्टो कच्चा ठेवतात. तयारी उलट्या क्रमाने करा, आधी कन्चर्टो.

खरी परीक्षा पाठांतराची. बोटांची स्मृती सगळ्यांत लवकर तयार होते आणि मंचावर सगळ्यांत आधी दगा देते. तिच्यात एक हालचाल पुढचीला ओढते. दडपणाखाली लक्ष बोटांवर गेलं की ती साखळी तुटते, आणि मधूनच पकडायला काही उरत नाही. सोनाटात आणखी एक सापळा असतो: सुरुवातीचा भाग शेवटाकडे थोड्या फरकाने परत येतो. जिथे स्वरपट्टी बदलायला हवी तिथे जुनीच वाट धरली, तर वादक पुन्हा पहिल्या भागात जाऊन पोचतो. ते माप (स्वरलिपीतला तालाचा खंड) पेन्सिलने खुणेचं करा आणि दोन्ही वाटा लागोपाठ वाजवून बघा.

प्रत्येक रचनेत दहा-पंधरा ठिकाणं नेमा आणि त्यांतल्या कुठूनही, शेवटाकडून सुरुवातीकडेही, वाजवायला सुरुवात करा. डावा हात एकटा पाठ करा. बहुतेकांचा तोच कच्चा निघतो. मग सगळं निम्म्या वेगाने, न बघता वाजवा. संथ वेगात बोटांची सवय कामी येत नाही, त्यामुळे काय खरंच पाठ आहे ते लगेच कळतं. फ्यूगला सर्वाधिक वेळ द्या. तिथे एक सुरावट सुटली तर वेळ मारून नेता येत नाही.

व्हायोलिनवादक आपलं वाद्य घेऊन फिरतो. पियानिस्टला सभागृहातलं स्वीकारावं लागतं, आणि पावणेतीन मीटरच्या दोन कॉन्सर्ट ग्रँडसुद्धा सारख्या नसतात. सरावाला तासभरच मिळाला तर अवघड जागा घोटत बसू नका. आधी आसनाची उंची ठरवा, मग अगदी हळू आवाजातले स्वर वाजवून पियानोची पट्टी (की) किती खाली दाबल्यावर वाजते ते पाहा. एकाच पट्टीवर जलद आघात करा, नाद लांबवणारं उजवं पेडल नेमकं कुठे पकडतं ते शोधा. रिकामं सभागृह जास्त घुमतं. श्रोते आले की नाद कोरडा होतो. त्यामुळे पेडलचा निर्णय रिकाम्या खुर्च्यांवरून कायम करू नये. ट्यूनरला ‘पियानो बरा नाही’ म्हणून उपयोग नसतो. कोणता स्वर कर्कश लागतो, कोणती पट्टी उशिरा वर येते, ते दाखवा.

हातांबद्दल हयगय नको. पाऊण तासाने दहा मिनिटं थांबा. स्पर्धेच्या तोंडावर सरावाचे तास एकदम वाढवले, किंवा जड पट्ट्यांच्या वाद्यावर तसाच जोर लावला, की दुखापती होतात. पियानिस्ट लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची चौथी आणि पाचवी बोटं १९६० च्या दशकात आपोआप आत वळू लागली. पुढे कित्येक वर्षं ते डाव्या हाताच्याच रचना वाजवत होते. या विकारात पुष्कळदा दुखत नाही, म्हणून वादक तो सरावाचा अभाव समजून आणखी घोटतो आणि तो बळावतो. बोट ऐकेनासं झालं तर सराव थांबवून डॉक्टरांकडे जा.

निव्वळ एकल कार्यक्रमांवर घर चालवणारे फार थोडे. बाकीच्यांचं शिकवण्यावर, साथीवर आणि चेंबर संगीतावर (मोजक्या वादकांनी मिळून वाजवायच्या संगीतावर) चालतं, आणि हे काम कमी प्रतीचं मानू नये. त्यासाठी नवी स्वरलिपी पाहताक्षणी वाजवता यायला हवी. रोज वीस मिनिटं अनोळखी पानं घ्या, थांबायचं नाही, चूक दुरुस्त करायची नाही. साथ करताना ऑर्केस्ट्राचा भाग पियानोवर वाजवायचा असेल तर सगळे स्वर मावतच नाहीत; मधले गाळा, पण सर्वांत खालचा स्वर आणि ताल सोडू नका, कारण समोरचा वादक त्यावरच टेकलेला असतो.