पद्मिनीची पीयूसी: स्क्रूला हात लावण्याआधी या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं १०८९ सीसी इंजिन खोललं, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदलला, वेबर कार्बोरेटर चढवला. रंकाळ्यावर फेरी मारली की लोक वळून बघायचे. पीयूसीत, म्हणजे धुराच्या तपासणीत, मात्र पहिल्याच दिवशी नापास. मग मिस्त्रींनी कार्बोरेटरवरचा मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा) स्क्रू फिरवला, मी फिरवला, मशीनवरच्या पोरानंही फिरवून बघितला. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) उतरला तर एचसी (न जळलेलं पेट्रोल) चढला!

चूक तिथंच होती. पावतीवरचे दोन आकडे एकत्र वाचायचे असतात. सीओ जास्त आणि एचसी बरा, म्हणजे मिक्श्चर रिच, पेट्रोल जास्त: मोठा जेट (पेट्रोलचं भोक), अर्धवट ओढलेला चोक, कार्बोरेटरमधली चढलेली फ्लोट लेव्हल (पेट्रोलची पातळी) किंवा तुंबलेला एअर फिल्टर. सीओ कमी आणि एचसी भरमसाट, म्हणजे कुठंतरी मिसिंग, पेट्रोल पेटतच नाही. प्लग आणि पॉइंट बघा, मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा ओढतेय का बघा. दोन्ही जास्त असतील तर आधी मिसिंग काढा, स्क्रूचं मागाहून.

कॅमचं दुखणं वेगळं. तापट कॅममध्ये दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे राहतात. स्लोला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना, थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरकडं निघून जातं आणि एचसी वाढतो. तपासणी स्लोवरच होते, त्यामुळं हे लपत नाही. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) नीट लावा, स्लो थोडा वाढवा, ठिणगीचं टायमिंग किंचित मागं घ्या. पिकअप जरा मरेल. तपासणी झाली की टायमिंग पुन्हा लावून घ्या.

धसका मात्र घेऊ नका. भारत स्टेज-२ या प्रदूषण-मानकाच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएमपर्यंत चालतो. वेबर असला तरी नीट लावलेली गाडी यात बसते.

थंड गाडी थेट नळीखाली नेणं ही सगळ्यात स्वस्तात टळणारी चूक. आधी शिरोलीपर्यंत हायवेनं जाऊन या, इंजिन खरंच तापू द्या. रांग मोठी असेल तर इंजिन बंद ठेवा, नाहीतर स्लोवर प्लग काळे होतात. नंबर आला की दोनदा रेस करा, मग नळी घालू द्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते आधीच बदला. ब्रीदरमधून (इंजिनाच्या वाफेच्या नळीतून) ती वाफ परत इंजिनात जाते.

सायलेन्सरला भोक पाडलं की आकडे उतरतात म्हणणारा एखादा मर्दा भेटेलच. चार वायू मोजणाऱ्या मशीनवर वाढलेला ऑक्सिजन दिसतो आणि चोरी उघडी पडते.

इंजिनच दुसऱ्या गाडीचं बसवलं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. ती नसेल तर आधी ते काम उरका. पीयूसी नसताना सापडलात तर दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. तेवढ्यात कार्बोरेटरचं पूर्ण किट येऊन पैसे उरतात.