टीएन मॉनिटर उंचावर लावायचाय? उलटा टांगून बघा
मॉनिटर खालून पाहिला की चित्र काळवंडतं, चेहरे निगेटिव्हसारखे दिसतात? मग तो बहुधा टीएन (ट्विस्टेड नेमॅटिक) प्रकारचा एलसीडी पॅनल आहे. व्होल्टेज मिळालं की त्यातले द्रवस्फटिकाचे रेणू एकाच बाजूला कलतात, म्हणून वरून आणि खालून दिसणारं चित्र सारखं नसतं. खालची बाजू सगळ्यात वाईट. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टशी झटापट करून फारसं काही साधत नाही. स्क्रीन इतकी कलवा की मध्यावर नजर काटकोनात पडेल.

भिंतीवर उंच लावायचाय आणि पुढे झुकवता येत नाही? मॉनिटर सरळ उलटा टांगा आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये चित्र 180 अंशांत फिरवा. वाईट बाजू छताकडे जाते! बटणं वर आलेली जरा विचित्र दिसतात, एवढंच. असा पॅनल 90 अंशांत फिरवून उभा मात्र करू नका. दोन डोळ्यांना वेगवेगळी छटा दिसते आणि वाचताना वैताग येतो.

नवा घेताना पाहण्याच्या कोनाच्या (आडवा/उभा) 170/160 अंश अशा आकड्यांवर भाळू नका. पांढऱ्या-काळ्यातला कॉन्ट्रास्ट साधारण 10:1 पर्यंत घसरेपर्यंतचा तो कोन असतो. रंग त्याच्या कितीतरी आधी बिघडतात. आयपीएस पॅनल (तिरकं पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा प्रकार) आहे का, ते बघा.