भूल देणाऱ्या पट्टीची निरोगी स्वयंसेवकांवर चाचणी कशी घ्यावी

दाढ काढताना हिरडीत टोचले जाणारे लिडोकेन त्वचेवर चिकटवलेल्या पट्टीतूनही आत शिरते आणि सुईशिवाय बधिरता आणते, हे आता नवे राहिलेले नाही. औषधशास्त्रात किंवा भूलशास्त्रात एम.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी हा विषय सोपा वाटतो, कारण औषध परिचित असते, स्वयंसेवक तरुण असतात आणि मोजणी एका दिवसात उरकते. मात्र त्वचेला नेमका कोणता प्रश्न विचारायचा आहे हे आधी ठरवले नाही, तर आकडे भरपूर जमतात आणि उत्तर हाती लागत नाही.

म्हणून पहिला निर्णय पट्टीचा. लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी 2.5 टक्के असलेले मिश्रण वापरायचे असेल, तर त्याचा हेतू सुई टोचण्यापूर्वी त्वचा बधिर करणे हा आहे. ही दोन्ही द्रव्ये सुटी असताना खोलीच्या तापमानाला घनरूप असतात, पण एकत्र केली की तेलासारखी होतात आणि त्यामुळे त्वचेचा शिंगासारखा बाह्य थर ओलांडू शकतात. हवाबंद आच्छादनाखाली एका तासात सुमारे 3 मिलिमीटर आणि दोन तासांत सुमारे 5 मिलिमीटर खोलीपर्यंत वेदना कमी होते. याउलट 5 टक्के लिडोकेनची 10 गुणिले 14 सेंटिमीटरची पट्टी नागिणीनंतर मागे राहणाऱ्या वेदनेसाठी आहे. अमेरिकेत तिला 1999 मध्ये त्याच कारणासाठी मंजुरी मिळाली. तिच्यात 700 मिलिग्रॅम औषध असले, तरी बारा तासांत त्यातले साधारण 3 टक्केच शरीरात शोषले जाते आणि पूर्ण बधिरता न आणता वेदना उतरवणे हा तिचा उद्देश असतो. अशी पट्टी तासभर लावून, मग सुई टोचून, ‘परिणाम नाही’ असा निष्कर्ष काढणे हा पट्टीवर अन्याय आहे.

परवानग्यांबाबत थोडक्यात. आधीच मंजूर असलेल्या औषधाचा केवळ शैक्षणिक अभ्यास असेल, तर नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्यांविषयीच्या 2019 च्या नियमांनुसार नीतिसमितीची मान्यता हा मुख्य टप्पा असतो. नव्या पट्टीसाठी केंद्रीय औषध नियामकाची परवानगी लागते. पहिला स्वयंसेवक घेण्यापूर्वी भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदणी करावी.

स्वयंसेवक म्हणून आपल्याच विभागातील कनिष्ठ विद्यार्थी सर्वांत सहज मिळतात आणि नेमकी तिथेच काळजी घ्यावी लागते, कारण ज्याच्या हाती आपले गुण आहेत त्याला नाही म्हणणे कठीण असते. त्यांची संमती त्यांच्याशी अधिकाराचा संबंध नसलेल्या व्यक्तीने घ्यावी आणि मोबदला वेळ व प्रवास यांची भरपाई होईल इतकाच ठेवावा. स्थानिक भूल देणाऱ्या औषधाची ॲलर्जी असलेले, हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर औषधे घेणारे आणि गर्भवती स्त्रिया यांना वगळावे. मिश्रणात प्रिलोकेन असल्यास जी6पीडी या विकराची कमतरता असलेल्यांना आणि डॅप्सोन किंवा सल्फा औषधे घेणाऱ्यांनाही वगळावे, कारण त्यांच्या रक्तात मेथहिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहून नेऊ न शकणारे हिमोग्लोबिन, वाढण्याचा धोका असतो. डोके दुखले म्हणून सकाळी घेतलेल्या गोळीबद्दल मुद्दाम विचारावे. पुष्कळांना ते औषध वाटतच नाही. हातावर ताजी मेंदी असेल तर चाचणी पुढे ढकलावी, कारण तिच्याखाली त्वचेचा रंग दिसत नाही. केस कात्रीने कापावेत. वस्तऱ्याने होणाऱ्या बारीक ओरखड्यांतून औषध जास्त शोषले जाते.

एका हाताच्या कोपर ते मनगट या भागावर खरी पट्टी आणि दुसऱ्यावर तशीच दिसणारी औषधविरहित पट्टी, ही रचना सर्वांत सोयीची आहे. कोणत्या हातावर कोणती हे यादृच्छिक क्रमाने ठरवावे. रक्तात जाणारे औषध फार थोडे असल्याने एका हातावरील पट्टीचा दुसऱ्यावर परिणाम होण्याची भीती नगण्य असते. खरी अडचण गुपित टिकवण्याची आहे. लिडोकेन-प्रिलोकेन मिश्रणाखाली त्वचा आधी फिकी पडते आणि नंतर लाल होते, त्यामुळे पट्टी काढताच परीक्षकाला सारे कळते. यावर उपाय असा की पट्टी एकाने काढावी, जागा पुसून तिच्यावर छोटी खिडकी असलेले कापड टाकावे आणि मोजणी दुसऱ्याने करावी. शेवटी स्वयंसेवकाला व परीक्षकाला, खरी पट्टी कोणत्या हातावर होती असे वाटते, हे स्वतंत्रपणे विचारून लिहून ठेवावे. हा प्रश्न बहुतेक प्रबंधांत नसतो, आणि प्रबंध तपासणाऱ्याने तोच विचारला की उमेदवार गडबडतो.

मोजणीसाठी उष्णतेची चकती 32 अंश सेल्सियसपासून सुरू करून सेकंदाला एक अंश या वेगाने तापवावी, स्वयंसेवकाने वेदना सुरू होताच बटण दाबावे आणि तीन वेळांची सरासरी घ्यावी. यंत्राची वरची मर्यादा 50 अंशांवर बांधलेली असलीच पाहिजे. निरोगी माणूस चटका बसण्याआधी हात मागे घेतो. बधिर त्वचेला ती सोय नसते, म्हणून तिचे रक्षण ही मर्यादाच करते. 50 अंशांपर्यंत बटण न दाबणाऱ्याचा उंबरठा 50 आहे असे लिहू नये. तो त्याहून वर आहे एवढेच आपल्याला ठाऊक असते, आणि विश्लेषणात त्याची तशीच नोंद व्हावी. स्पर्शासाठी ठरावीक दाबाला वाकणारे तंतू आणि टोचण्यासाठी वजन लावलेल्या बोथट सुया वापराव्यात. चाचण्यांचा क्रम सर्वांसाठी सारखा ठेवावा आणि पट्टी लावण्यापूर्वी एकदा सराव करून घ्यावा.

प्रश्नाची भाषा हा या कामाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ‘लागले का?’ असे विचारू नये. मराठीत लागणे म्हणजे स्पर्श होणेही असते आणि इजा होणेही. ‘काही जाणवले का?’ आणि ‘दुखले का?’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत, ते छापील वाक्यांत प्रत्येकाला तसेच वाचून दाखवावेत आणि दुसऱ्याचे उत्तर शून्य ते दहा या मोजपट्टीवर घ्यावे. स्पर्श कळतो पण दुखत नाही, ही अवस्था त्यातूनच वेगळी दिसते.

तोंडाभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानांत गुंजारव किंवा निळसर ओठ दिसल्यास पट्टी लगेच काढून उपचार सुरू करावेत. गंभीर घटना 24 तासांत कळवणे बंधनकारक आहे. पट्टीवर गरम पिशवी ठेवू देऊ नये. घरी जाताना स्वयंसेवकाला सांगावे की संवेदना परत येईपर्यंत त्या हाताने तव्याजवळ किंवा उकळत्या भांड्याजवळ काम करू नये. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या व पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी, कारण तिच्यात बहुतेक औषध अजून शिल्लक असते.

प्रबंधाच्या शीर्षकात ‘निरोगी त्वचेवर’ हे शब्द असावेत. नागिणीनंतर बिघडलेल्या मज्जातंतूंबद्दल या हातांनी काहीही सांगितलेले नसते.