पोटातल्या महाधमनीत स्टेंट बसवल्यावर किडनी कशी सांभाळायची: आबांच्या वहीतून

आबांच्या पोटातली महाधमनी 5.8 सेंटिमीटरपर्यंत फुगली आहे हे सोनोग्राफीत कळलं तेव्हा आम्ही फक्त ती फुटेल या भीतीत होतो. पोट न फाडता, दोन्ही जांघांतल्या रक्तवाहिन्यांमधून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे कापड लावलेली धातूच्या जाळीची नळी, आत बसवला. दुसऱ्याच दिवशी आबा उठून बसले आणि रंकाळ्यावर कधी जायचं ते विचारायला लागले. आम्हाला जागवलं ते किडनीनं. ज्यांच्या घरात हे ऑपरेशन ठरलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

किडनीला त्रास का होतो ते आधी समजून घ्या. ग्राफ्ट नेमका कुठं बसतोय हे दिसावं म्हणून रक्तात आयोडीनचा डाय सोडतात आणि तो किडनीतूनच बाहेर पडतो. शिवाय बहुतेकांमध्ये ग्राफ्टचं वरचं टोक किडनीच्या धमन्यांच्या अगदी खाली बसतं. तारा आत-बाहेर होताना फुगलेल्या भागातल्या गुठळीचे बारीक कण सुटून तिकडं जाऊ शकतात.

ऑपरेशनच्या आधीचा क्रिएटिनिन वहीत लिहून ठेवा. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा, किडनी दमली की रक्तात त्याचा आकडा वाढतो. हे एक काम चुकवू नका, कारण पुढचा प्रत्येक आकडा याच्याशीच ताडायचा असतो. आबांचा 1.3 होता. लॅबच्या कागदावर तो नॉर्मलमध्येच होता, म्हणून मी निर्धास्त होते. डॉक्टरांनी ईजीएफआर, म्हणजे किडनी किती रक्त गाळते त्याचा अंदाज (जितका कमी तितकं काम कमी), बघायला लावला, तर 71 व्या वर्षी तो 59 निघाला. किडनीचं बरंच काम कमी झालं तरी क्रिएटिनिन लवकर वाढत नाही, म्हणून दोन्ही आकडे मागून घ्या. मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी), बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्या कोणत्या दिवशी बंद करायच्या आणि पुन्हा कधी सुरू करायच्या, तेही तारखेसकट लिहून घ्या.

पहिले तीन दिवस डोळ्यांत तेल घालून बघा. 48 तासांत क्रिएटिनिन 0.3 नं वाढला किंवा आठवड्यात दीडपट झाला, तर किडनीला इजा झाली असं धरतात. आबांचा दुसऱ्या दिवशी 1.7 आला. लघवीही कमी झाली होती. मी नर्सताईंकडून मोजायचं भांडं मागून घेतलं आणि दर वेळी मिली आणि वेळ लिहीत गेले. वजनाच्या प्रत्येक किलोमागे तासाला अर्धा मिलीपेक्षा कमी लघवी सलग सहा तास झाली, तर लगेच सांगायचं. आबा 64 किलोचे, म्हणजे तासाला 32 मिली. सलाईन, औषधं आणि देखरेख यांवर दहाव्या दिवशी 1.4 झाला. प्रत्येकाचा आकडा असा खाली येतोच असं नाही.

घरी आल्यावर पाहुण्यांची रीघ लागली आणि येणारा प्रत्येक जण शहाळी घेऊन! दारामागं नऊ शहाळी साठली. प्रेमानंच आणलेली, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि किडनी दमलेली असली की ते रक्तात साठतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मी ती शेजारच्या तालमीतल्या पोरांना देऊन टाकली. कमी सोडियमवालं मीठही तसंच, त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. पाणी किती प्यायचं तेही डॉक्टरांनाच विचारा, हृदय अशक्त असेल तर जास्त पाणी अंगावर येतं. तांबडा रस्सा आमच्याकडं बंद नाही, पण मीठ बेताचं आणि ताटात लोणचं-पापड नाही.

सगळ्यात मोठा घोळ झाला तो गोळीवरून. आबांचा गुडघा जुना, कुस्तीतला. महिन्याभरानं एका मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक दिली. मी विचारलं तर आबा म्हणाले, "आगं, लई ठणकत हुतं, दोनच तर घेतल्या." या जातीच्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, आयब्युप्रोफेनही त्यातलीच. आता दुखलं की डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल आणि गरम शेक. गावाकडून आलेली भस्मं आणि काढे कपाटात कुलपात आहेत. बीपी रोज सकाळी मोजते. आबांची विडी सुटली, पण त्यासाठी घरात चार महिने भांडणं झाली.

ग्राफ्टच्या कडेनं रक्त झिरपतंय का, हे बघायला पुढं आयुष्यभर तपासणी लागते. किडनीच्या भीतीनं ती टाळू नका, झिरपत राहिलं तर फुगा पुन्हा वाढून फुटू शकतो. सर्जनना सरळ विचारा: "या वेळी डॉप्लर सोनोग्राफीवर भागेल का? सीटी हवाच असेल तर डायशिवाय चालेल का?" पुष्कळदा चालतं. डाय लागणारच असेल तर आधी क्रिएटिनिन करा आणि नंतर 48 ते 72 तासांत पुन्हा करा. आबांना दर वेळी मीच घेऊन जाते, वही पिशवीत असते.

पायावर सूज, दम लागणं, लघवी कमी होणं किंवा उलट्या दिसल्या तर त्याच दिवशी दाखवा. कुशीत अचानक कळ येऊन लघवीतून रक्त गेलं किंवा पायाची बोटं निळसर पडली, तर सकाळची वाट बघू नका. पोटात किंवा पाठीत एकदम जोराची कळ येऊन घाम फुटला, चक्कर आली, तर रिक्षा शोधत बसू नका, 108 ला फोन लावा. आमच्याकडं ग्राफ्टचं कार्ड आणि ही वही फ्रिजवरच्या डब्यात असते. अंधारातही हात जाईल अशी जागा आबांनीच निवडलीय.