एसीच्या जोडाचा बोल्ट किती आवळायचा?

बडोद्यात एप्रिल लागला की गॅरेजमध्ये एसीच्या कामांची रांग लागते, आणि गोरवा किंवा तरसाळी आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडलेली मुलंही या कामाला जुंपली जातात. त्यांची नेहमीची चूक एकच: जोड गळतोय? आवळ अजून!

गॅस अडवते ओ-रिंग, म्हणजे जोडातलं रबरी कडं. बोल्टने दोन तोंडं एकमेकांना टेकवून धरायची, बस. ती टेकली की पुढचा सगळा जोर अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांवर जातो. कंडेन्सरच्या तोंडाचे आटे गेले तर चांगला कंडेन्सर हकनाक बदलावा लागतो.

आधी गॅस मशीनने पूर्ण काढून घ्या. गाडी बंद असली तरी ४० अंशांच्या उन्हात आर-१३४ए या एसीच्या गॅसचा दाब सुमारे ९ बार असतो.

ओ-रिंग दरवेळी नवी, त्याच मापाची आणि एसीच्या गॅसला चालणाऱ्या रबराचीच घ्या. रंग हिरवा आहे म्हणून विश्वास टाकू नका. जुनी काढताना प्लास्टिकची काडी वापरा, कारण खाचेला ओरखडा पडला की तो जोड गळणारच. नव्या रिंगला कॉम्प्रेसरच्या स्टिकरवर लिहिलेलं तेल बोटाने पातळ लावा. आट्यांना मात्र तेल नको. आटे निसरडे झाले की पान्यावर आकडा तोच दिसतो, पण बोल्ट जास्त ताणला जातो.

आता खरी कसोटी. पाइप हाताने सरळ दाबून पूर्ण बसवा. बोल्टच्या जोरावर पाइप आत ओढून घेऊ नका. एका बोल्टचा जोड तिरका होतो आणि रिंग चिमटते. बोल्ट आधी उलटा फिरवा, हलकी ‘टक’ जाणवली की सुलटा. तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. अडला तर काढा, आटे पुसा, पुन्हा लावा.

एम-६ (६ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला बहुधा ८ ते १० न्यूटन-मीटर लागतात, काही गाड्यांत ५च्या आसपास. आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, आणि एकक वाचा: १०० किलोग्रॅम-सेंटीमीटर म्हणजे जेमतेम १० न्यूटन-मीटर. ५ ते २५ न्यूटन-मीटरचा छोटा टॉर्क पाना हवा, म्हणजे ठरवलेल्या जोराला आवाज करणारा; चाकांचा मोठा पाना इथे निरुपयोगी. एक ‘कट’ आवाज आला की थांबा, खात्रीसाठी दुसरा नको. नटाच्या जोडाला दोन पाने लावा, नाहीतर नटाबरोबर पाइपही पिळला जातो.

कॉम्प्रेसरचे बोल्ट सगळे हाताने लावून मग समोरासमोरचे आवळा. तिरका बसला तर पट्टा कुरकुरतो.

जोडणी झाल्यावर आतली हवा ओढून केलेला व्हॅक्यूम अर्धा तास टिकला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यात जोडावर जेमतेम १ बार दाब येतो आणि तोही बाहेरून आत. नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर पाना खाली ठेवा, नायट्रोजन सोडा आणि जोड उघडा. रिंगवर चंद्रकोरीसारखा काप दिसला तर पाइप तिरका बसला होता. रिंग चपटी किंवा कडक झाली असेल तर माप किंवा रबर चुकलंय.